माळ, किनारा, घाट: प्रवासावर बेतलेले वनस्पतिजन्य अत्तर घरी कसे करावे

प्रवासात भेटलेल्या प्रदेशांचे वास एका कुपीत उतरवण्याचा प्रयत्न अनेकजण करतात आणि बहुतेकांचे मिश्रण एकाच ठिकाणी फसते. प्रवास ज्या क्रमाने झाला त्याच क्रमाने तेले निवडली जातात. प्रत्यक्षात अत्तरातले वास त्यांच्या उडून जाण्याच्या वेगाने उलगडतात. लिंबाचा वास पंधरा-वीस मिनिटांत विरतो, दवणा काही तास टिकतो आणि वाळा कागदाच्या पट्टीवर कित्येक दिवस रेंगाळतो. म्हणून आधी तेलांचा क्रम समजून घ्यावा आणि मगच वाट ठरवावी.

या लेखात कोल्हापूरच्या माळावरून निघणे, गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वेंगुर्ल्याचा किनारा गाठणे आणि पावसात आंबोली घाटाने परतणे अशी वाट घेतली आहे. ही वाट तेलांच्या स्वभावाशी जुळते. माळावरचे गवत आणि लिंबू लवकर उडतात, किनाऱ्यावरची फुले मधला काळ धरतात आणि घाटातली ओली माती व मुळे शेवटपर्यंत राहतात. तुमचा प्रवास वेगळा असला तरी पुढचा सगळा क्रम तसाच लागू पडेल.

## टप्पा १: वासांची टिपणे आणि वाटेची मांडणी

कागदावर तीन रकाने आखावेत: पहिला वास, मधला वास आणि तळाचा वास. प्रत्येक रकान्यात एकच प्रदेश ठेवावा. तिन्ही प्रदेशांतला एकेक घटक तिन्ही रकान्यांत घालण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास नऊ-दहा वास एकाच वेळी बोलू लागतात आणि एकही प्रदेश ओळखू येत नाही. दोन प्रदेश जोडण्यासाठी एखादा दुवा अवश्य ठेवावा. आपल्या मिश्रणात हे काम काळी मिरी करते, कारण ती लवकर जाणवते, पण लिंबाइतक्या लवकर जात नाही, शिवाय कोकणातल्या नारळ-सुपारीच्या बागांत तिचे वेल असतातच.

समुद्राबद्दल येथेच स्पष्ट सांगायला हवे. मिठाला स्वतःचा वास नसतो आणि किनाऱ्यावर जो वास येतो त्यात समुद्री शैवालांपासून तयार होणाऱ्या गंधकयुक्त वायूंचा मोठा वाटा असतो. बाजारातल्या ‘सागरी’ सुगंधांमागे बहुधा प्रयोगशाळेत बनवलेली रसायने असतात, त्यामुळे वनस्पतिजन्य अत्तरात ती बसत नाहीत. शिंपले भाजून काढलेला ‘चोया नख’ हा पारंपरिक पदार्थसुद्धा प्राणिजन्य आहे. किनारा दाखवायचा असेल तर तो केवडा, सोनचाफा, बकुळ आणि सुरंगी यांच्यातूनच दाखवावा.

तपासणी: प्रत्येक रकान्यात पाचाहून अधिक नावे असतील तर कमी करावीत. ज्या घटकासाठी ‘हा येथे का?’ या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही, तो काढून टाकावा.

## टप्पा २: खरेदी

या टप्प्यावर घाई केली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. ‘मोगरा ऑइल’ किंवा ‘चाफा ऑइल’ अशा नावाने स्वस्तात मिळणाऱ्या बाटल्यांत बहुतेक वेळा कृत्रिम सुगंध असतो. फुलांपासून द्रावकाने काढलेला दाट अर्क, म्हणजे खरे अॅब्सोल्यूट, महाग असते, कारण थोड्याशा अर्कासाठी प्रचंड फुले लागतात. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, अर्क काढण्याची पद्धत आणि बॅच क्रमांक या चार गोष्टी असाव्यात. त्या नसतील तर विक्रेत्याकडे लेखी मागाव्यात.

आपल्याला लागणारे घटक असे आहेत.

- माळासाठी: रोशा गवताचे तेल, वाफेवर काढलेले लिंबाचे तेल आणि दवण्याचे तेल. रोशा गवत खानदेश-विदर्भाकडे अधिक, पण वाळक्या माळाची आठवण तेच जवळून करून देते. दवणा मात्र थेट कोल्हापूरचाच म्हणावा, कारण ज्योतिबाला तो वाहिला जातो.
- किनाऱ्यासाठी: काळी मिरी आणि जायफळाची तेले, सोनचाफ्याचे अॅब्सोल्यूट, केवडा अत्तर, शिवाय वाळलेली बकुळ किंवा सुरंगी.
- घाटासाठी: वाळा, नागरमोथा, चंदन आणि पॅचौली, म्हणजे आपली पाच.

लिंबाचे तेल घेताना ते वाफेवर काढलेलेच आहे याची खात्री करावी. साल दाबून काढलेल्या अनेक लिंबूवर्गीय तेलांत असे घटक असतात की ते त्वचेवर असताना ऊन लागले तर डाग पडतात किंवा त्वचा भाजते. बर्गमोटच्या दाबून काढलेल्या तेलाची त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांतली आंतरराष्ट्रीय मर्यादा केवळ ०.४ टक्के आहे, यावरून धोक्याची कल्पना यावी.

केवडा अत्तर कशात काढले आहे तेही विचारावे. पारंपरिक पद्धतीत ते चंदनाच्या तेलात काढत असत. आज पुष्कळदा द्रव पॅराफिन वापरतात आणि ते खनिज तेल आहे.

सामान्य चूक: तेलाचा थेंब कागदावर टाकून डाग राहिला की भेसळ आहे असे ठरवणे. ही चाचणी लिंबू किंवा मिरीसारख्या लवकर उडणाऱ्या तेलांनाच लागू पडते. वाळा, चंदन, पाच आणि सर्व अॅब्सोल्यूट शुद्ध असूनही डाग ठेवतात.

इशारा: आंबोलीच्या जंगलातून फुले, साली किंवा दगडफूल खरवडून आणू नये. मसाल्याच्या डब्यातले दगडफूल तेलात घालण्याची कल्पनाही सोडून द्यावी. अत्तरात वापरल्या जाणाऱ्या ओकमॉस या दगडफुलासारख्याच शैवाकाचे प्रमाण त्वचेच्या अॅलर्जीमुळे अंतिम उत्पादनात ०.१ टक्क्यावर बांधलेले आहे. घाटातला ओलसर, शेवाळी वास वाळा, नागरमोथा आणि पाच मिळून पुरेसा उभा करतात.

## टप्पा ३: साहित्य आणि जागा

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा ही एकमेव अनिवार्य खरेदी होय. थेंब मोजून केलेले अत्तर पुन्हा तसेच होत नाही. वाळ्याचा थेंब पाहिला म्हणजे कारण कळते: तो पिपेटच्या टोकाशी लोंबकळत राहतो, फुगतो आणि अखेर जड होऊन पडतो, तर लिंबाच्या तेलाचे लहान थेंब एकामागून एक पटकन गळतात. दोन्हींना ‘एक थेंब’ म्हणणे व्यर्थ आहे.

याशिवाय काचेचे छोटे बीकर, प्रत्येक तेलासाठी वेगळे पिपेट, काचेची कांडी, तपकिरी काचेच्या ५ व १५ मिलिलिटरच्या बाटल्या, वासाच्या पट्ट्या, मलमलीचे कापड, लेबले आणि एक वही लागते. जागा हवेशीर असावी. स्वयंपाक चालू असताना किंवा उदबत्ती लावलेल्या खोलीत हे काम करू नये. सर्व भांडी पूर्ण कोरडी असावीत.

इशारा: सॅनिटायझर, सर्जिकल स्पिरिट किंवा रंगकामाचे स्पिरिट अत्तरात वापरू नये. त्यांत मिसळलेली द्रव्ये त्वचेला आणि श्वासाला घातक असू शकतात. शुद्ध स्पिरिट बाळगण्यासाठी महाराष्ट्रात उत्पादन शुल्क विभागाचे नियम लागू होतात. म्हणूनच येथे तेलातले अत्तर सांगितले आहे.

## टप्पा ४: वाहक तेल आणि त्यात फुले मुरवणे

वाहक तेल म्हणजे ज्यात सुगंधी तेले मिसळायची ते तेल. त्यासाठी होहोबा घ्यावे किंवा न गोठणारे, वासरहित केलेले फ्रॅक्शनेटेड खोबरेल घ्यावे. रोजचे खोबरेल चालत नाही, कारण त्याला स्वतःचा वास असतो आणि साधारण २४ अंशांखाली ते थिजते. तिळाच्या तेलाचाही स्वतःचा वास जात नाही, म्हणून तेही चालत नाही.

बकुळीची फुले सुकली तरी वास टिकवून ठेवतात, त्यामुळे मुरवण्यासाठी ती फार सोयीची. पहाटे झाडाखाली पडलेली स्वच्छ फुले वेचावीत, चाळणीत एकेरी पसरून सावलीत वाळवावीत आणि बोटांत चुरली जातील इतकी कोरडी झाल्यावरच वापरावीत. सुरंगीचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल असतो आणि वेंगुर्ले तालुक्यात तिच्या वाळवलेल्या कळ्यांचा व्यापार चालतो. कळ्या घेताना त्या मातकट किंवा बुरशी लागलेल्या नाहीत हे पाहावे. मूठभर हातात घेऊन दाबल्यास कुरकुरल्या पाहिजेत.

रुंद तोंडाची कोरडी बरणी फुलांनी अर्धी भरावी आणि सर्व फुले बुडून वर बोटभर राहील इतके तेल ओतावे. बरणी सावलीत, नेहमीच्या तापमानाला दोन ते तीन आठवडे ठेवावी आणि दिवसातून एकदा हलवावी. नंतर मलमलीतून गाळून त्याच तेलात नवी वाळकी फुले घालावीत व हीच कृती आणखी एकदा करावी. शेवटी तेल एक दिवस स्थिर ठेवून वरचे नितळ तेल अलगद काढून घ्यावे आणि तळाशी पाण्याचा थेंब किंवा गाळ दिसल्यास तो टाकून द्यावा.

सामान्य चुका: पहिली चूक म्हणजे ताजी फुले घालणे. फुलांतल्या पाण्यामुळे बुरशी धरते आणि तेल आंबते. दुसरी चूक म्हणजे बरणी उन्हात ठेवणे किंवा तेल उकळणे, ज्यात नाजूक वास सर्वात आधी जातो. तिसरी चूक अपेक्षेची आहे: मुरवलेले तेल कधीही अर्काइतके तीव्र होत नाही. ते पार्श्वभूमी देते, आणि तेवढेच त्याच्याकडून मागावे.

तपासणी: तेलाला आंबट वास येत असेल, बुडबुडे दिसत असतील किंवा ते गढूळ राहत असेल तर ते वापरू नये. दुरुस्तीचा प्रयत्न न करता टाकून द्यावे.

## टप्पा ५: प्रत्येक वासाची ओळख

तेल मुरत असतानाचे दिवस यासाठी वापरावेत. प्रत्येक तेलाचे वाहक तेलात १० टक्क्यांचे मिश्रण करावे, म्हणजे ०.२० ग्रॅम तेल आणि १.८० ग्रॅम वाहक. महागडी तेले वाया जात नाहीत आणि तीव्रतेमागे लपलेले बारकावे कळतात. केवडा शुद्ध स्वरूपात डोके धरायला लावतो. पातळ केल्यावर त्याचा गोड, पाणथळ स्वभाव दिसू लागतो.

पट्टीवर तेलाचे नाव व वेळ लिहावी आणि लगेच, पंधरा मिनिटांनी, एका तासाने, चार तासांनी व दुसऱ्या दिवशी सकाळी वास घेऊन वहीत नोंद करावी. कोणते तेल कोणत्या रकान्यात बसते हे या नोंदींवरून ठरते, आणि पुस्तकी वर्गीकरणापेक्षा तुमच्या हातातल्या बाटलीची नोंद अधिक विश्वासार्ह असते. दवणा ‘मधला’ समजला जातो, पण त्याचा पिकल्या फळासारखा पहिला झोत लिंबाच्या बरोबरीने येतो. म्हणूनच आपण तो माळाकडे ठेवला आहे.

एका बैठकीत पाच-सहापेक्षा जास्त तेले घेऊ नयेत. नाक थकले की बाहेर मोकळ्या हवेत जावे.

## टप्पा ६: तळापासून वर जोडणी

पहिला वास आधी लागतो म्हणून तोच आधी रचणे ही फार मोठी चूक आहे. इमारतीप्रमाणे अत्तरही पायापासून उभे करावे लागते, कारण तळाची जड तेले वरच्या तेलांचा वेग आणि रंग दोन्ही बदलतात.

घाट. १० टक्क्यांच्या मिश्रणांतून वाळा आणि चंदन समप्रमाणात घ्यावेत, त्यात निम्म्याहून कमी नागरमोथा आणि त्याहूनही कमी पाच घालावी. पट्टीवर एक तास थांबून वास घ्यावा. माती कोरडी व धुरकट वाटली तर नागरमोथा कमी करावा. कपाटातल्या जुन्या कपड्यांसारखा वास आला तर पाच जास्त झाली आहे.

किनारा. तयार घाटात सोनचाफा, मिरी आणि जायफळ घालावे आणि केवडा सर्वात शेवटी, अगदी कणभर घालावा. येथेच बहुतेकांची अत्तरे बिघडतात. केवड्याचे प्रमाण थोडे चुकले की सोनचाफा लपतो आणि सगळे मिश्रण सरबतासारखे गोड होते.

माळ. शेवटी रोशा, लिंबू आणि दवणा घालावेत. रोशा तेलात जिरॅनिऑल मुबलक असल्याने त्याला गुलाबाची छटा असते. ती फार पुढे आली तर रोशाचा वाटा घटवून लिंबू वाढवावे. गवती चहा त्याऐवजी घेऊ नये, कारण त्यातल्या सिट्रालमुळे त्वचेची संवेदनशीलता वाढू शकते आणि त्याचा वास स्वयंपाकघराकडे नेतो.

तपासणी: प्रत्येक वेळी एकच घटक बदलावा आणि तो बदल वहीत लिहावा. दोन घटक एकदम बदलले तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही.

## टप्पा ७: वजन करून मूळ मिश्रण

पुढील प्रमाण ३ ग्रॅम मूळ मिश्रणाचे आहे. ते १५ ग्रॅम अत्तराला पुरते, म्हणजे सुगंधी द्रव्याचे प्रमाण २० टक्के होते. आकडे ग्रॅममध्ये आहेत आणि ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने ओतावेत.

१. चंदन: ०.५७
२. वाळा: ०.५४
३. नागरमोथा: ०.२४
४. पाच: ०.१८
५. सोनचाफा अॅब्सोल्यूट: ०.१२
६. जायफळ: ०.०९
७. काळी मिरी: ०.२४
८. केवडा अत्तर: ०.०३
९. दवणा: ०.१२
१०. रोशा: ०.४५
११. लिंबू: ०.४२

वाळा आणि सोनचाफा घट्ट असतील तर त्यांच्या बंद बाटल्या काही मिनिटे कोमट पाण्यात उभ्या ठेवाव्यात; थेट आच देऊ नये. काट्यावर बाटली ठेवून प्रत्येक घटकाआधी आकडा शून्यावर आणावा. ०.०३ ग्रॅम केवडा छोट्या काट्यावर अचूक मोजला जात नाही, म्हणून त्याचे १० टक्क्यांचे मिश्रण ०.३० ग्रॅम घ्यावे. त्याबरोबर ०.२७ ग्रॅम वाहक तेल आपोआप येते. पुढच्या टप्प्यात तेवढे कमी घालायचे हे लगेच लिहून ठेवावे.

लिंबू शेवटी ठेवण्याचे कारण साधे आहे. उघड्या बाटलीतून सर्वात आधी तेच उडते.

इशारा: जायफळाचे प्रमाण आवडीने वाढवू नये, आणि दालचिनी किंवा लवंग ‘मसाल्याच्या वासासाठी’ घालू नये. दालचिनीच्या सालीचे तेल त्वचेला फार लवकर त्रास देते.

झाकण लावून बाटली तळहातांमध्ये फिरवावी आणि अंधाऱ्या, थंड जागी एक ते दोन आठवडे ठेवावी. पहिल्या दिवसाचा वास पाहून काहीही बदलू नये. सुरुवातीला मिरी आणि लिंबू कर्कश वाटतात, ते पुढे बसतात.

## टप्पा ८: वाहकात मिसळणे आणि मुरणे

मुरवलेले बकुळ किंवा सुरंगीचे तेल ११.७३ ग्रॅम मोजून मूळ मिश्रणात तीन-चार हप्त्यांत घालावे आणि प्रत्येक वेळी हळुवार फिरवावे. एकदम ओतल्यास अॅब्सोल्यूट तळाशी गोळा होऊ शकते. पूर्ण विरघळल्यावरही अत्तर किंचित धुरकट दिसले तर काळजी नको, कारण अॅब्सोल्यूटमधले मेण तेलात नेहमीच पारदर्शक होत नाही. ते चार आठवडे मुरू द्यावे आणि तळाशी गाळ बसल्यास कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळावे.

लोबान किंवा राळ घालून ‘टिकाऊपणा’ आणण्याचा प्रयत्न करणारे येथे अडकतात. या राळी तेलात नीट विरघळत नाहीत आणि चिकट थर तयार होतो.

तपासणी: दर आठवड्याला एक पट्टी बुडवून टप्पा ५ प्रमाणेच पाच वेळा वास घ्यावा. पंधरा मिनिटांनी माळ, एका तासाने फुले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओली माती अशी नोंद मिळायला हवी. तासाभरानेच थेट माती लागत असेल तर किनारा कमी पडला आहे; पुढच्या खेपेस सोनचाफा ०.०३ ग्रॅमने वाढवून चंदन तेवढेच घटवावे.

## टप्पा ९: त्वचेवरची चाचणी

कोपराच्या आतल्या बाजूला एक लहान ठिपका लावून ४८ तास निरीक्षण करावे. खाज, लाली किंवा पुरळ दिसल्यास साध्या तेलाने पुसून मग साबणाने धुवावे आणि ते अत्तर वापरू नये. तेलात न मिसळलेले मूळ मिश्रण कधीही त्वचेला लावू नये. गरोदर स्त्रिया, लहान मुले, दम्याचे रुग्ण आणि ज्यांना पूर्वी सुगंधाची अॅलर्जी झाली आहे अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वापरू नये. वनस्पतीपासून आले म्हणून निरुपद्रवी, हा समज फार पसरला आहे आणि तो चुकीचा आहे.

नाडीच्या जागी, मनगटावर किंवा कानामागे, कांडीने हलकेच लावावे. मनगटे एकमेकांवर घासू नयेत. तेलाचे डाग पडतात, त्यामुळे रेशमी आणि फिकट कपड्यांपासून दूर ठेवावे.

## टप्पा १०: साठवण

तपकिरी काचेची, गळ्यापर्यंत भरलेली बाटली वापरावी. रिकामी जागा जितकी जास्त तितकी हवा जास्त आणि ऑक्सिडीकरण लवकर. रबरी टोपी असलेल्या ड्रॉपरच्या बाटलीत अत्तर साठवू नये, कारण तेलांच्या वाफेने रबर मऊ होऊन वास बिघडवते. घट्ट स्क्रूचे झाकण किंवा काचेची कांडी असलेली अत्तरदाणी उत्तम.

लेबलवर घटक, तयार केल्याची तारीख आणि खेपेचा क्रमांक लिहावा. लिंबू, मिरी आणि जायफळ यांची तेले उघडल्यावर साधारण वर्षभरात संपवावीत, कारण जुनी झाल्यावर त्यांपासून त्वचेला त्रास होण्याची शक्यता वाढते. वाळा, चंदन आणि पाच मात्र नीट ठेवल्यास वर्षानुवर्षे सुधारत जातात. तयार अत्तराचा लिंबाचा भाग टर्पेंटाइनसारखा लागू लागला की ती कुपी बाजूला ठेवावी आणि त्वचेवर वापरू नये.

भेट म्हणून दोन-चार कुप्या देणे वेगळे. विक्री करायची असेल तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम यांनुसार उत्पादनाचा परवाना आधी घ्यावा लागतो.